जेसोर रोडवरचा पान्हा

एखाद्या मुलखाची ओळख करून घ्यायची म्हणजे आपण तिथली देवळे पाहतो, बाजारातून एक फेरी मारतो, नदीवर जाऊन येतो आणि निघताना तिथली मिठाई बांधून घेतो. पण त्या मुलखात तान्ह्या मुलाच्या तोंडात पहिला घास कोण घालते, त्याआधी त्याला काय पाजतात, आणि आईचे दूध कमी पडले तर शेजारीण काय करते, हे विचारायचे सहसा कुणाच्या मनात येत नाही. ती माजघरातली बोलणी. प्रवासवर्णनात त्यांना जागा कुठली? तरी कोलकात्याहून बांगलादेशाच्या सीमेकडे जाणाऱ्या जेसोर रोडबद्दल लिहायचे, तर मला त्याच बोलण्यांवाचून गत्यंतर नाही. १९७१ साली या रस्त्याने लाखो माणसे आली. त्यांच्या डोक्यावर छप्पर घालणे अवघड होते, पण जमले. त्यांच्या कडेवरच्या मुलांना काय पाजावे, हा प्रश्न त्याहून अवघड ठरला.

अनुवादाच्या एका कार्यशाळेसाठी पौष महिन्यात कोलकात्याला गेले होते. कार्यशाळा संपल्यावर दोन दिवस हाताशी होते. तिथल्या एका महाविद्यालयात बंगाली शिकवणाऱ्या माझ्या स्नेही, ज्यांना मी दीदी म्हणते, मला म्हणाल्या, “शांतिनिकेतन काय, सगळेच पाहतात. तू माझ्या माहेरी बनगावला चल. आईच्या हातचं नोलेन गुडाचं पायेश खा.” पायेश म्हणजे खीर आणि नोलेन गूड म्हणजे थंडीत खजुरीच्या रसाचा काढलेला नवा गूळ. एवढ्या आमंत्रणाला नाही म्हणणारा माणूस मराठी असू शकत नाही.

सियालदहहून बनगाव लोकल सुटते ती दोन तासांनी शेवटच्या स्थानकाला लागते. आपल्या कर्जत-कसाऱ्याच्या गाडीसारखीच ती गच्च भरलेली. झालमुडीवाला, सेफ्टीपिनांचे गुच्छ विकणारा, पाटाली गुळाच्या ढेपा टोपलीत घेतलेली बाई, सगळे त्याच गर्दीतून वाट काढतात. दमदम, बारासात, हाबरा, ठाकुरनगर, चांदपाडा अशी स्थानके येतात. या रुळांच्या दोन्ही अंगांना १९४७ नंतर पूर्व बंगालमधून आलेल्या माणसांनी वसाहती केल्या. डब्यातल्या कुणाही म्हाताऱ्याला “तुमचं गाव कोणतं?” म्हणून विचारा, तो आधी जे गाव सांगेल ते बहुधा सीमेच्या पलीकडचे असेल.

बनगावला उतरून आम्ही टोटो केली. टोटो म्हणजे विजेवर चालणारी रिक्षा. ती जेसोर रोडला लागली आणि मी मान वर करून पाहतच राहिले. दोन्ही बाजूंना विलायती शिरिषाची प्रचंड झाडे, आणि त्यांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींत गुंतलेल्या. रस्ता रुंद करून उड्डाणपूल बांधण्यासाठी यांतली ३५६ झाडे तोडायला २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आहे, हे दीदींनी हळू आवाजात सांगितले. या रस्त्याची एक कथा तिकडे सगळेच सांगतात. जेसोरच्या काली पोद्दार नावाच्या जमीनदाराच्या आईला गंगास्नानाला जायचे होते. रस्ता धड नव्हता. तेव्हा मुलाने आईसाठी रस्ता बांधला आणि तिला ऊन लागू नये म्हणून झाडे लावली. कथेत खरे किती नि खोटे किती, ते इतिहासकारांनी पाहावे.

बनगाव हा १९४७ पर्यंत जेसोर जिल्ह्याचाच भाग होता. फाळणीची रेघ जिल्ह्याच्या मधूनच गेली. जेसोर शहर पूर्व पाकिस्तानात गेले आणि बनगाव चोवीस परगण्याला जोडले गेले. ‘पथेर पांचाली’ लिहिणारे बिभूतिभूषण बंद्योपाध्याय इथल्याच इच्छामती नदीकाठचे. म्हणजे १९७१ साली इथे आलेला निर्वासित आणि त्याला थारा देणारा यजमान, हे दोघे एका पिढीपूर्वी एकाच जिल्ह्याचे रहिवासी होते. भाषा एक, मासा रांधायची रीत एक, आणि बाळाला वाढवायच्या समजुतीही एकच. चांगल्या तशा वाईटही.

१९७१ च्या २५ मार्चच्या रात्री ढाक्यात लष्कराने कत्तल सुरू केली आणि माणसांचा लोंढा भारताकडे वळला. डिसेंबरपर्यंत आलेल्यांची सरकारी नोंद ९८ लाख ९९ हजारांच्या वर गेली. त्यांपैकी सुमारे ६८ लाख छावण्यांत राहिले. उरलेले तीस लाखांहून अधिक लोक नातेवाइकांकडे, ओळखीच्यांकडे, नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर राहिले. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. त्या वर्षी १५ नोव्हेंबरपासून टपालावर नेहमीच्या तिकिटाखेरीज पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे तिकीट लावावे लागे. १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत ते चालू होते. पुण्या-मुंबईच्या माणसाला ती झळ पाच पैशांची लागली. बनगावच्या माणसाला ती किती लागली, ते मला दीदींच्या घरी कळले.

घरी दोन वृद्ध बायका आमची वाट पाहत बसल्या होत्या. एक दीदींच्या आई, त्यांना मी मासीमा म्हणू लागले. दुसऱ्या त्यांच्या भावजय, म्हणजे दीदींच्या मामी, त्या मामीमा. मासीमा १९७१ च्या आधीच लग्न होऊन बनगावला आलेल्या. मामीमा त्या वर्षी वैशाखात जेसोरजवळच्या झिकरगाछाहून चालत आलेल्या. नणंद-भावजयींचे नाते जगात सगळीकडे सारखेच असते, हे पाच मिनिटांत लक्षात आले. एकीने गोष्ट सुरू केली की दुसरी ती दुरुस्त करी. बंगालीत लेकीसुनांना लाडाने ‘मा’ म्हणतात. त्या दोघीही मला ‘मा’ म्हणत.

बाळंतपणाचा विषय मीच काढला. तुमच्याकडे बाळंतिणीला काय देता? मासीमा म्हणाल्या, काळे जिरे वाटून भाताबरोबर, दुधी भोपळा आणि जिवंत माशाचा पातळ रस्सा. मी सांगितले, आमच्याकडे अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी. “दूध येतं त्यानं?” मामीमांनी विचारले. “येतं म्हणतात,” मी म्हटले. तिघीही हसलो. एकूण आईच्या पोटात दोन घास जास्त जावेत, म्हणून या रीती पडल्या असाव्यात.

बाळासाठी त्यांच्याकडे जन्मल्याबरोबर मध आणि खडीसाखरेचे पाणी. आपल्याकडे मध, गूळपाणी आणि गुटी. पहिल्या तीन दिवसांच्या घट्ट पिवळट दुधाला बंगालीत ‘शालदूध’ म्हणतात, आपण चीक म्हणतो. ते जड म्हणून पिळून टाकायची चाल दोन्हीकडे. आपण तर गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खातो आणि आपल्या बाळाच्या वाट्याचा चीक फेकून देतो! रोगाशी झगडायची पहिली शिदोरी त्या चिकातच असते, हे आज दवाखान्यातली प्रत्येक परिचारिका सांगते. वरचे दूध पाजायला आपल्याकडे बोंडले, तर तिकडे ‘झिनुक-बाटी’, म्हणजे वाटी आणि शिंपल्याच्या आकाराचा चमचा. आपल्याकडचे उष्टावण तेच तिकडचे ‘मुखेभात’. मुलाचे सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात, आणि पहिला घास भरवायचा मान मामाचा. हे ऐकून मामीमा खूश झाल्या. “म्हणजे तुमच्याकडेही मामाच!” असे त्या दोनदा म्हणाल्या. त्या एवढ्या का खूश झाल्या, ते मला नंतर समजले.

वैशाखात त्या निघाल्या तेव्हा त्यांचा मुलगा तीन महिन्यांचा होता. दिवसा बागांत लपायचे, रात्री चालायचे. बेनापोल ओलांडून बनगावला पोहोचेपर्यंत तीन रात्री गेल्या. सोबत सात माणसे. “चालताना तो रडला की सगळे माझ्याकडे बघायचे,” मामीमा म्हणाल्या. “आवाज ऐकून कुणी येईल म्हणून. मी त्याला छातीशी धरायची. तो ओढायचा नि काही यायचं नाही. मग जास्तच रडायचा.”

बनगावला पोहोचल्यावर घरातल्या सगळ्या बायकांनी निकाल दिला : हिचे दूध आटले.

मी मराठी शिकवते, त्यामुळे ‘पान्हा’ या शब्दाशी माझा जुना परिचय आहे. आपली गवळी माणसे म्हणतात, गाय पान्हा चोरते. अनोळखी माणूस दूध काढायला बसला, कुत्रे भुंकले, की गाय सडात दूध असून सोडत नाही. बाईचेही तसेच आहे. भीतीने आणि थकव्याने पान्हा अडतो, म्हणजे दूध नाहीसे झालेले नसते. आईला निवांत बसवले, पोटभर खाऊपिऊ घातले आणि मुलाला पुनःपुन्हा अंगावर घेऊ दिले, तर दूध परत येते. कारण मूल जितके ओढील तितके दूध नव्याने तयार होते. मूल ओढायचे थांबले, तर मात्र दूध खरोखरच आटते. म्हणून ‘आटले’ म्हणून वरचे दूध सुरू करणे, हेच आटवण्याचे कारण होऊन बसते. एवढी साधी गोष्ट त्या वेळी घरात कुणाला ठाऊक नव्हती.

मग दुधाची भुकटी आली. परदेशांतून छावण्यांसाठी आलेली भुकटी बाजारात सुटी विकायला येई. मासीमांच्या सासूबाईंनी ती पुडीत बांधून आणवली. सुनेच्या माहेरची सात माणसे घरात आलेली. त्या माउलीने कुरकुर केली, पण पदरचे पैसे मोडून भुकटी आणली, हे मासीमांनी मुद्दाम सांगितले. साय काढून घेतलेल्या दुधाची ती भुकटी. त्यात स्निग्धांश नाही, आणि तान्ह्या बाळाच्या पोटाला ती मानवतही नाही. त्यात पावसाळा सुरू झालेला. विहीर, तळे, नळकूप, सगळ्यांभोवती गढूळ पाणी. सरपण ओले. पाणी उकळायचे कुठे आणि किती वेळा?

आषाढात बाळाला हगवण लागली. सासूबाईंनी पोटाला विश्रांती म्हणून दूध बंद करवले आणि बार्लीचे पाणी द्यायला सांगितले. यात त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. हगवण लागली की खाणेपिणे तोडायचे, हा उपाय बंगालमध्ये तसा महाराष्ट्रातही घरोघर होता. अजूनही पुष्कळ घरांत आहे. दोन दिवसांत बाळाचे डोळे खोल गेले आणि टाळू बसली. नणंद आणि भावजय त्याला घेऊन बनगावच्या सरकारी रुग्णालयात गेल्या.

त्या रुग्णालयात त्या दिवसांत जे चालले होते ते पुढे जगाच्या वैद्यकीय इतिहासात नोंदले गेले. छावण्यांत पटकीची साथ पसरली होती. रोगी एवढे, की खाटा संपून जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. कोलकात्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रातले डॉक्टर दिलीप महालनबीस तिथे काम करत होते. साखर आणि मीठ एकत्र प्यायला दिले, तर पटकीतही आतडे पाणी शोषून घेते, हे संशोधकांना ठाऊक झाले होते. साखरेच्या आधाराने मीठ आत जाते आणि मिठामागून पाणी. पण हे काम निष्णात माणसांच्या देखरेखीखाली, रुग्णालयातच करायचे, असा समज होता. महालनबीसांपाशी माणसे नव्हती नि वेळही नव्हता. त्यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या कोलकात्यात बांधून घेतल्या. ते पाणी तोटी लावलेल्या पिंपांत भरले आणि मग रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातात दिले. ज्या छावण्यांत सलाइनवर भिस्त होती तिथे शंभरांत तीस रोगी दगावत. बनगावला सुमारे आठ आठवड्यांत ३,७०० च्या वर रोगी येऊन गेले, आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात चाराच्याही खाली आले.

हे आकडे मी नंतर वाचले. मामीमांना एवढेच आठवते, की कुणीतरी एका तरुण मुलाने त्यांच्या हातात पितळी पेला दिला आणि पिंप दाखवले. “मी म्हटलं, डॉक्टर कुठं आहे? तो म्हणाला, तुम्हीच पाजायचं. चमच्या-चमच्यानं. ओकला तर थोडं थांबून परत. आणि अंगावरही घ्या. मी म्हटलं, माझं दूध आटलंय.” मामीमा थांबल्या. मग नणंदेकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तेव्हा ही म्हणाली, माझं आहे.”

मासीमांची मुलगी, म्हणजेच माझ्या दीदी, तेव्हा आठ महिन्यांच्या होत्या. मासीमांनी रुग्णालयाच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून भाच्याला छातीशी घेतले. एक चमचा पिंपातले पाणी, मग आत्याचे दूध, पुन्हा पाणी. तिसऱ्या दिवशी मूल रडले. “रडायला डोळ्यांत पाणी लागतं ना,” मामीमा म्हणाल्या. “त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.”

पुढे महिनाभर मासीमा दोघांना पाजत होत्या. मामीमाही त्याला पुनःपुन्हा अंगावर घेत. आधी नुसताच ओढे, मग थेंब आले, मग दूध. सासऱ्यांनी कुणाला न सांगता आपल्या ताटातला माशाचा तुकडा सुनेकडे पाठवायला सुरुवात केली. सासूबाई मात्र धुसफुसत. आपल्या नातीच्या तोंडचे काढून परक्याला देणे त्यांना पटत नव्हते.

ही हकीकत इथपर्यंत आली तेव्हा मला ती फार गोड वाटू लागली होती. मासीमांना ते माझ्या तोंडावर दिसले असावे. त्या एकदम म्हणाल्या, “मा, तू लिहिणार असशील तर हेही लिही. रात्री मी आधी माझ्या मुलीला पाजायची, ती पोटभर पिऊन झोपली की मग त्याला. तो रडत असायचा, तरी आधी हिलाच. मला भीती वाटायची, की पुरणार नाही.”

खोलीत कुणी बोलले नाही. दीदी खिडकीबाहेर पाहू लागल्या. मामीमांनी सुपारी कातरायची थांबवली आणि अगदी साध्या स्वरात त्या म्हणाल्या, “मला ठाऊक होतं. मी जागीच असायची. मीसुद्धा तेच केलं असतं.” मग पुन्हा अडकित्ता चालू झाला.

यजमान आणि निर्वासित यांच्याविषयी आपण लिहितो तेव्हा एक देणारा आणि एक घेणारा असे सरळ चित्र काढतो. बनगावला ते चित्र तसे नव्हते. मासीमा सांगत होत्या, त्यांच्या आळीत भांडी घासायला येणाऱ्या बाईचे मूल छावणीतल्या कुठल्याही मुलाइतकेच काटकुळे होते. पण छावणीतल्या दुधाच्या रांगेत ती वाटी घेऊन उभी राहिली, तर तिला कार्ड विचारत. ती निर्वासित नव्हती, हाच तिचा गुन्हा. बाजारात तांदूळ महागला, मजुरी उतरली, आणि त्याची पहिली झळ अशाच घरांतल्या मुलांना बसली. आज जगभर जाणती माणसे सांगतात, की छावणीतल्या मुलांसाठी काही सुरू केले तर आजूबाजूच्या वस्तीतल्या गरीब मुलांनाही त्यात घ्यावे. त्या बाईच्या रिकाम्या वाटीने ते १९७१ सालीच सांगितले होते.

मुलाचे मुखेभात आठव्या महिन्यात झाले. पण मामा कुठून आणायचा? मामीमांचे दोन भाऊ सीमेपलीकडे राहिले होते, त्यांची काही खबर नव्हती. शेवटी शेजारच्या सायकल-रिक्षावाल्याला धोतर नेसवून पाटावर बसवले आणि त्याने मामा म्हणून पहिला घास भरवला. पायेश कशाचे केले, माहीत आहे? त्या पुडीतल्या उरलेल्या भुकटीचे. “चांगली उकळून,” मासीमा म्हणाल्या. त्या भुकटीचे याहून चांगले काही होण्यासारखे नव्हते.

तो मुलगा आता चोपन्न वर्षांचा आहे. पेत्रापोलच्या मालमोटारींच्या अड्ड्यावर त्याचा हिशेबनिसाचा धंदा आहे. संध्याकाळी तो संदेश घेऊन आला, आणि मासीमांनी त्याला “वाळलास रे” म्हणून दटावले. त्यानेच दुसऱ्या दिवशी आम्हांला सीमा दाखवायला नेले. पेत्रापोलच्या फाटकाशी मैलभर मालमोटारी उभ्या असतात. फाटकापलीकडे तीच झाडे, तोच रस्ता, पण त्याचे नाव बांगलादेश.

त्या पलीकडच्या देशाने बनगावच्या पिंपातला धडा पुढे नेला. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बायका खेड्याखेड्यांत दारोदार हिंडल्या आणि एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांतल्या आयांना त्यांनी तीन बोटांची मिठाची चिमूट, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे माप शिकवले. कार्यकर्तीचा पगार भेटी मोजून ठरत नसे. आईला किती आठवते आणि ती पाणी कसे कालवते, यावर तो ठरे. आपल्याकडे हेच पाणी जलसंजीवनी या सुरेख नावाने ओळखले जाते : लिटरभर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आणि हगवणीत अंगावरचे दूध मुळीच बंद करायचे नाही. आईच्या दुधातले घटक पटकीपासूनसुद्धा बाळाचा बचाव करतात, असे बांगलादेशातल्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले आहे. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरात वारले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. ती बातमी दूरचित्रवाणीवर पाहून मामीमांना पहिल्यांदा कळले, की तो पेला कुणाच्या व्यवस्थेतला होता.

डब्यांचे आणि बाटल्यांचे काय? १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने बालदुधाच्या विक्रीसंबंधी आचारसंहिता केली. बांगलादेशाने १९८४ साली आणि भारताने १९९२ साली कायदा केला; आपल्या कायद्यात तान्ह्या मुलांच्या दुधाच्या डब्यांची नि बाटल्यांची जाहिरात करायलाच बंदी आहे. तरीही कुठे भूकंप झाला, पूर आला, युद्ध पेटले, की दयाळू माणसांच्या हाती पहिला येतो तो दुधाचा डबा. २००६ साली इंडोनेशियात योग्यकर्त्याला भूकंप झाला तेव्हा असे डबे घरोघर वाटले गेले. नंतर पाहणी झाली. दोन वर्षांखालच्या ज्या मुलांना फुकटचे डबे मिळाले होते त्यांच्यात शंभरांत पंचवीस मुलांना हगवण लागलेली आढळली. ज्यांना मिळाले नव्हते त्यांच्यात अकरा-बारा मुलांना. २०१७ च्या ऑगस्टपासून म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बझारला आले, तेव्हा त्या छावण्यांत आयांना मुलांना पाजायला आडोशाच्या जागा करून दिल्या गेल्या. आईला बसायला जागा, प्यायला स्वच्छ पाणी, आणि “तुझं दूध आहे, येईल” असे सांगणारी एक जाणती बाई. वैशाखातल्या त्या तीन रात्रींनंतर मामीमांना नेमके एवढेच हवे होते.

ज्या बाळाला आई उरली नाही, किंवा ज्याला खरोखरच वरच्या दुधावाचून उपाय नाही, अशी बाळे असतात. त्यांच्यासाठी डबा लागतो. पण त्याच्याबरोबर उकळलेले पाणी, धुतलेली वाटी-चमचा आणि रोज येऊन पाहणारे माणूसही लागते. दुधाई मिळाली तर आज तिची तपासणी करून घेतात. बाकीच्या मुलांसाठी डबा देणे म्हणजे त्यांच्या आईला “तुझ्याच्याने होणार नाही” असे सांगणे.

दिवाळीत आपल्याकडे फराळाबरोबर मदतीच्या पेट्याही भरल्या जातात. कुठल्या ना कुठल्या आपत्तीसाठी पुढल्या वेळी अशी पेटी भरायची आली, तर त्यात दुधाची भुकटी घालू नये. आईला खायला तांदूळ-डाळ, डोके टेकायला चटई, पाणी उकळायला पातेले आणि सरपणाचे पैसे घालावेत. आणि पेटी छावणीत पोहोचली म्हणजे कुंपणाबाहेर वाटी घेऊन उभी असलेली बाई कुणाची कोण आहे, हे विचारू नये, तिलाही द्यावे.